गुरुवारची पोथी

गुरुवार ठरला तो एमएसईबीमुळे. म्हणजे आता ती एमएसईबी राहिली नाही, महावितरण झाली त्याला वीस वर्षं होऊन गेली, पण आमच्या घरात अजून एमएसईबीच म्हणतात. पुण्यात गुरुवारी लाइट जाणार हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं, मेंटेनन्सचा दिवस, आणि त्याच हिशोबाने भोसरी-पिंपरी पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारी. हे मला माहीत होतं. पण त्याचा आपल्या वाचनगटाशी काही संबंध असेल असं डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

गट सुरू झाला तेव्हा आम्ही सहा-सात जण. मी एक, आयटीत टेस्टिंगला. एक पीएचडी करणारी. एक बँकेतला, जो आमच्यातला खरा चळवळ्या, प्रत्येक मोर्चातून कुणाशी तरी ओळख करून येतो. एक नाटकवाला मुलगा. एक रिटायर्ड सर, ज्यांनी सत्तरच्या दशकातले अभ्यासगट पाहिलेत आणि मागोवा या डाव्या गटाच्या वेळी कसं होतं ते दर चौथ्या वाक्याला सांगतात. जागा आमचा नवी पेठेतला हॉल, कारण बाकीच्यांचे हॉल तरी लहान होते नाहीतर घरचे तरी तयार नव्हते. वाचायचं काय, तर साहित्य आणि ज्याला रॅडिकल थिअरी म्हणतात ते सगळं, मार्क्स, फुले, आंबेडकर, ग्राम्शी, मधेच बाबुराव बागुलांची एखादी कथा किंवा ढसाळांची कविता, तोंडाला चव यायला. रविवारी पीडीएफ ग्रुपवर पडणार, तीस पानं, आणि शनिवारी संध्याकाळी साडेपाचला चर्चा. असा प्लॅन.

काकांना बँकेतल्याने आणलं. भोसरीतल्या एका कंपनीत मशीन शॉपला, पंचावन्नच्या आसपास वय, त्यांच्या लाइनवर जे थोडे पर्मनंट उरलेत त्यातले एक, बाकी सगळी कंत्राटी आणि ट्रेनी पोरं. दोन शनिवार आले. काही बोलले नाहीत, चहा घेतला, पीडीएफ मोबाईलवर बोटांनी मोठी करून करून बघत बसले. तिसऱ्या शनिवारी आले नाहीत, चौथ्या नाहीत, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून फारसं न बोलताच एक निष्कर्ष काढून टाकला की त्यांना इंटरेस्ट नसावा. थिअरी जड जाते ना लोकांना. हे वाक्य मीच म्हटलं होतं बहुतेक. महिनाभराने बँकेतल्याने फोन केला तर काका म्हणाले, "अहो शनिवारी माझी सेकंड शिफ्ट असती. ते दोन वेळेस बदलून घेतली, दर वेळेस कोण देणार बदलून? माझी सुट्टी गुरुवारची."

आणि त्या महिन्यात आम्ही वाचत काय होतो, तर मार्क्सच्या 'भांडवल'च्या पहिल्या खंडातलं कामाच्या दिवसावरचं प्रकरण.

यावर हसायचं की काय करायचं कळेना. सर म्हणाले, बरोबर आहे, आपण रविवार-शनिवार धरून चालतो, जसा काही तो निसर्गाचा नियम आहे. मग त्यांनी नारायण मेघाजी लोखंड्यांचं सांगितलं, आणि यावेळी मला सरांचं सांगणं अजिबात कंटाळवाणं वाटलं नाही. लोखंडे जोतीरावांच्या सत्यशोधक समाजातले, 'दीनबंधु' चालवणारे, मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी करणारे. गिरण्यांमध्ये आठवड्याची ठरलेली अशी सुट्टीच नव्हती, ती त्यांनी सभा, अर्ज करून करून मिळवली, आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी लागू झाली. म्हणजे आपण ज्या वीकेंडला आळस देत लोळतो तो एका सत्यशोधकाने कामगारांसाठी मिळवलेला आहे, आणि आमचा साप्ताहिक गट साप्ताहिक असू शकतो तोच मुळी त्याच्यामुळे. तर मग ज्या माणसाची सुट्टी गुरुवारी त्याचं काय?

गुरुवार करण्यावर दोन आठवडे व्हॉट्सॲपवर वादावादी चालली. हिंजवडीहून येणाऱ्याला वर्किंग डेला सातच्या आत नवी पेठ गाठणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. एक जण, ज्याचा सगळ्यात जास्त अभ्यास होता असं त्याचं म्हणणं होतं, त्याने लिहिलं की एका माणसासाठी सहा माणसांनी ॲडजस्ट करणं ही काही लोकशाही नव्हे. तो मग आला नाही. त्याचं मला फार वाईट वाटलं असं खोटं कशाला सांगू. गुरुवार, साडेसात, ठरलं.

आता एक कबुली द्यायची आहे. कुणी वाचून यायचंच नाही. सुरुवातीपासून. तीस पानांपैकी मी सरासरी नऊ वाचायचे, तीही कॅबमध्ये, आणि उरलेल्याचा सारांश कुठेतरी शोधून. पीएचडीवाली तेवढी पूर्ण वाचायची, पण तिने ते आधीच कधीतरी वाचलेलं असायचं. आणि न वाचता चर्चा करायची एक भाषा असते, ती आम्हाला सगळ्यांना फस्टक्लास यायची. मला हे थोडं प्रॉब्लेमॅटिक वाटतं. इथे जातीचा मुद्दा येत नाही. हे युरोपकेंद्री आहे ना पण. ही तीन वाक्यं कुठल्याही पुस्तकावर चालतात, तुम्ही करून बघा, स्वयंपाकाच्या पुस्तकावरही चालतील.

पहिल्या गुरुवारी काका आले. कासारवाडीहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलून डेक्कन, तिथून पूल ओलांडून अलका चौकातून चालत, सगळ्यांच्या आधी हजर. चर्चा सुरू झाली, नाटकवाला म्हणाला की मार्क्स इथे कामगाराला फक्त एक आकडा करतो असं त्याला वाटलं. काकांनी चष्मा लावला आणि विचारलं, "कुठल्या पानावर?"

कुणीच काही बोललं नाही. नाटकवाल्याने पीडीएफ वर-खाली केली. मी खिडकीबाहेर बघितलं. काका ओशाळवाणे झाले, त्यांना खरंच पान हवं होतं, पकडायचं वगैरे काही नव्हतं त्यांच्या मनात. मग तेच म्हणाले, "माझंबी वाचून झालं नाही. मोबाईलवर दिसत नाही नीट. इथंच वाचायचं का? मी वाचतो, गावाकडं वाचायचो मी."

आणि वाचायला लागले. मोठ्याने.

त्यांच्या गावात श्रावणात पांडवप्रताप लागायचा. देवळात कंदील, नंतर ट्यूबलाइट, एक जण वाचणार, दुसरा अर्थ सांगणार, बाकी गाव ऐकणार, त्यात अर्ध्यांना वाचता येत नव्हतं पण कुठे काही गाळलं तर लगेच ओरडणार. काका पंधराव्या वर्षापासून वाचणाऱ्याच्या जागेवर. त्यामुळे त्यांची वाचायची एक चाल आहे. वाक्याच्या शेवटी आवाज थोडा खाली, मग एक सेकंद थांबणार, अर्थ सांगणाऱ्याला जागा सोडल्यासारखं. त्या जागेत पहिल्या दिवशी कुणी काही बोललं नाही, आम्हाला कळलंच नाही की ती जागा आपल्यासाठी आहे. दुसऱ्या गुरुवारपासून बोलायला लागलो.

त्या प्रकरणात मार्क्सने इंग्लंडमधल्या फॅक्टरी इन्स्पेक्टरांचे आणि चौकशी आयोगांचे रिपोर्ट भरभरून वापरलेत. भांड्यांच्या कारखान्यातला विल्यम वूड नावाचा मुलगा आहे त्यात. वय वर्षं नऊ. कामाला लागला तेव्हा सात वर्षं दहा महिन्यांचा. सकाळी सहाला येतो, रात्री नऊच्या सुमाराला सुटतो. हे मी कॅबमध्ये वाचलं असेल तर माझ्या नजरेखालून सरकून गेलं असणार, कारण मला ते आठवतच नव्हतं. काकांनी ते वाक्य वाचलं, सेकंदभर थांबले, आणि परत तेच वाक्य वाचलं. मग पुढे गेले. दीड तासात चार पानं झाली.

तीस पानांचा नियम त्या दिवशी संपला. आता जेवढं होईल तेवढं. मोबाईलही बंद, अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानातून झेरॉक्स काढून स्पायरल केली, सगळ्यांना एकेक. त्या झेरॉक्सवाल्याने उजवीकडची मार्जिन कापली. ओळीच्या शेवटचा शब्द कुठे अर्धा, कुठे गायबच. मी परत जाऊन भांडणार होते, पण सर म्हणाले राहू दे, सायक्लोस्टाइलच्या काळात याहून वाईट असायचं. एकदा वाक्य असं काहीतरी होतं की कामाचा दिवस किती तासांचा हे ठरतं ते भांडवलदार आणि कामगार या दोन वर्गांतल्या, आणि पुढे फक्त 'झ'. झटापटीतून? झुंजीतून? पीएचडीवालीने इंग्रजीतून सांगितलं की स्ट्रगल आहे, पण मराठीत नेमकं काय लिहिलंय यावर वीस मिनिटं गेली. काका म्हणाले झुंज बैलांची, मालकाशी असतो तो झगडा. नाटकवाला म्हणाला झिम्मा. पुढच्या आठवड्यात मूळ पुस्तक मिळालं, झगडा होतं. वीस मिनिटं फुकट गेली असं मात्र कुणी म्हटलं नाही, कारण तोवर ते वाक्य सगळ्यांना पाठ झालेलं.

सरांचा एक आवडता शब्द आहे, पोथीनिष्ठ. मराठी डाव्यांमध्ये ही शिवीच. अमका चांगला माणूस पण पोथीनिष्ठ, तमक्या पक्षाचं वाटोळं पोथीनिष्ठेने झालं. मीही वापरते हा शब्द. पण काकांचं वाचन ऐकायला लागल्यापासून मला तो जरा टोचायला लागलाय, कारण आम्ही ज्यांना पोथीनिष्ठ म्हणायचो ते आणि आम्ही स्वतः, दोघांनीही पोथी कधी पोथीसारखी वाचलीच नव्हती. पोथी वाचणारा पान गाळत नाही. पोथीचा सारांश कुणी मागत नाही. आणि ऐकायला कुणीही बसतं, त्याला आधी काही वाचून यावं लागत नाही, म्हातारीला येत असतं आणि पोरालाही.

हे मी एकदा गटात बोलून दाखवलं तर सर चिडले. म्हणाले, पोथीचा अर्थ कोण सांगत होतं ते आधी विचार, आणि देवळात कोणाला बसू देत होते ते विचार. बरोबरच होतं त्यांचं. त्यावर एमपीएससीवाला बोलला. हा आमच्या बिल्डिंगच्या खालच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेतला, एकदा आवाज ऐकून वर आला आणि दारातून विचारलं, हे मेन्सला येतं का? नाही म्हटलं तरी बसला, आणि तेव्हापासून येतोय. मूळचा मराठवाड्यातला. म्हणाला, आमच्याकडे वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लावतात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज थोडं थोडं, एक जण वाचतो, बाया पांढऱ्या साड्या नेसून ऐकतात, माझ्या आईला सही येते फक्त, पण ती मला चुका सांगते. मग सर गप्प बसले, आणि मीही, कारण मी जे बोलले होते त्यापेक्षा हे बरंच पुढचं होतं.

आणि मग लक्षात यायला लागलं की आपल्याकडचं हे सगळं लिखाण कानासाठीच तर केलेलं आहे. जोतीरावांचं 'गुलामगिरी' घ्या, १८७३ चं. अर्पण केलंय अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना, आणि लिहिलंय सगळं संवादात. एक विचारतो, जोतीराव सांगतात. मनातल्या मनात वाचताना मला ते नेहमी थोडं बाळबोध वाटायचं, हा सारखे प्रश्न काय विचारतोय. आम्ही पार्ट वाटून घेतले, काका जोतीराव आणि एमपीएससीवाला विचारणारा, आणि दहा मिनिटांत हॉलमध्ये नाटक उभं राहिलं. पोरगं मधेच पुस्तकात नसलेले प्रश्न विचारायला लागलं. काकांनीही पुस्तकात नसलेली उत्तरं दिली. ज्या लोकांसाठी हे लिहिलं त्यांच्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं, मग पुस्तक लिहायचं तर असंच लिहावं लागणार की कुणीतरी चावडीवर वाचून दाखवेल आणि बाकीच्यांना ते आपल्याच दोघांमधलं बोलणं वाटेल. ही गोष्ट मला चाळीसाव्या वर्षी कळली, दोन डिग्र्या असून.

बाबासाहेबांचं जातिनिर्मूलनावरचं भाषण तसंच. लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषणाचा मसुदा वाचून घाबरले, बदल करा म्हणाले, यांनी नकार दिला, तर अधिवेशनच रद्द. १९३६ साली त्यांनी ते स्वखर्चाने छापलं. म्हणजे न झालेलं भाषण आहे ते. ते शांतपणे खुर्चीत बसून वाचणं म्हणजे त्या लाहोरवाल्यांचीच बाजू घेतल्यासारखं नाही का, असं पीएचडीवाली म्हणाली आणि उभी राहून वाचायला लागली. ती एरवी इतकं हळू बोलते की दोनदा विचारावं लागतं. त्या दिवशी खालच्या अभ्यासिकेतून तक्रार आली.

वरकडवरून झालेली चर्चा मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलीये. मराठीत सरप्लस व्हॅल्यूला वरकड मूल्य म्हणतात. काका वाचता वाचता तिथे अडले. "वरकड म्हणजे ते हिशोबातलं वरकड?" आतून माझ्या सासूबाई म्हणाल्या, "हो, तेच. वाणी, दूध, लाइट, आणि शेवटी वरकड." त्यांची हिशोबाची वही आहे, चाळीस वर्षांपासूनची, त्यात प्रत्येक महिन्याच्या तळाशी ती ओळ असते, रिक्षा, हळदीकुंकवाचं वाण, कुणाला तरी दिलेले पन्नास रुपये, असलं सगळं त्यात. काका विचारात पडले. म्हणाले, "पण मालकाच्या लेखी तर खरं कामच ते. त्याच्यासाठीच कंपनी काढली त्यानं. त्याला वरकड कसं म्हणतात?"

सर म्हणाले काही लोक अतिरिक्त मूल्य लिहितात. काकांना तेही पटेना. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडे पार्ट मोजतात, शिफ्टला इतके निघालेच पाहिजेत. आणि त्यांनी आणि त्यांच्या एका दोस्ताने फार वर्षांपूर्वी कॅन्टीनमध्ये बसून सिगारेटच्या पाकिटावर हिशोब केला होता, एका पार्टची कंपनीला किंमत काय मिळते, आपला पगार दिवसाला किती. पगार जेवणाच्या सुट्टीच्या आधीच निघत होता. "मटेरियल, लाइट, मशीनचा घसारा धरून सांगतोय," सर तोंड उघडायच्या आत ते म्हणाले. "तर जेवणानंतर मी कुणासाठी उभा राहतो ते मला तेव्हाच कळलं होतं. आमच्या लाइनला सगळ्यांना माहितीये हे. त्याला नाव आहे हे माहिती नव्हतं." मग थोडं थांबून, "आणि नाव ठेवलं ते पण असलं."

सासूबाईंचं आमच्या गटाबद्दलचं मत सुरुवातीला स्पष्ट होतं. चपला. दारात बारा चपलांचा ढीग. मग कप. ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' वाचत होतो तेव्हाची गोष्ट. बुलढाण्याची बाई, १८८२ मध्ये पुण्यात छापलेलं पुस्तक, सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बाळ मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पेपरवाल्यांनी सगळ्या बायकांना नावं ठेवली, आणि या भडकल्या. त्यांची भाषा म्हणजे ओट्याशी उभं राहून एखादी बाई भांडी आपटत जे बोलेल ती, एक श्वास न घेता. नंतर ते पुस्तक लोक विसरले, १९७५ मध्ये स. गं. मालशांनी पुन्हा छापलं तेव्हा ते परत हातात आलं. तर अशा पुस्तकाचं वाचन हॉलमध्ये चालू, पुरुष माना डोलावतायत, वा, काय धार आहे, आणि मी आत चहा टाकतेय, कारण माझं घर, आठ वाजले की चहा मीच टाकते. उकळी येईपर्यंत सगळ्यात चांगला भाग होऊन गेला. मी ट्रे घेऊन बाहेर आले तर नाटकवाला म्हणाला, ताई तुम्ही हे ऐकायला हवं होतं. सासूबाई माझ्या मागेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पुस्तकात काय लिहिलंय ते राहू दे बाबा, कप कोण विसळणार ते सांग."

आता चहा खालच्या टपरीवरून थर्मासमध्ये येतो, आणायची पाळी लावलीये. मी ती पाळी लावली तेव्हा मला फार क्रांतिकारक वगैरे वाटलं होतं. कप तरी अजून दर दुसऱ्या गुरुवारी सिंकमध्ये तसेच सापडतात.

मार्गशीर्षात खरी पंचाईत झाली. गुरुवार. महालक्ष्मीचं व्रत. सासूबाई गेली पस्तीस वर्षं करतात, घट, पाच फळं, पाच पत्री, आणि संध्याकाळी पोथी, मोठ्याने. आमचं साडेसातला सुरू होणार आणि त्यांचं सातला सुरू होऊन पावणेआठपर्यंत. देव्हारा हॉलमध्येच आहे. मी चाचरत विचारलं की आई, तुम्ही जरा लवकर, तर म्हणाल्या, "आधी माझी होऊ दे, मग तुमची लावा." तुमची लावा! म्हणजे त्यांच्या लेखी आमचीही पोथीच होती, आणि त्यांना त्यात चेष्टा अजिबात अभिप्रेत नव्हती.

त्यामुळे चारही गुरुवारी भद्रश्रवा राजा आणि सुरतचंद्रिका राणीची गोष्ट अख्ख्या अभ्यासगटाने ऐकली. राणी आधीच्या जन्मी गरीब, नवऱ्याचा मार खाणारी, व्रताने श्रीमंती आली आणि मग दारात आलेल्या म्हातारीला हाकलून देते, ती म्हातारी म्हणजे लक्ष्मी. सर कपाळाला आठ्या घालून पेपर वाचत बसले. पीएचडीवाली वहीत काहीतरी टिपून घेत होती, तिला सगळ्यातच रिसर्च पेपर दिसतो. एमपीएससीवाला बाल्कनीत जाऊन उभा राहिला, त्याला कुणी काही म्हटलं नाही, सासूबाईंनीही नाही, पण फळ त्याला त्यांनी बाल्कनीत नेऊन दिलं आणि त्याने घेतलं. काका मांडी घालून ताठ बसलेले. नंतर सासूबाई मला आत म्हणाल्या, तो माणूस भिंतीला टेकला नाही बघ, पोथी ऐकताना टेकत नाहीत, आता कुणाला माहीत असतं. मार्क्स सुरू झाल्यावर मात्र काका लगेच टेकले. मी हसले तर म्हणाले, "पाठ धरती ओ. आठ तास उभं राहून. त्याला चालतंय."

तेव्हापासून सासूबाई गुरुवारी दारात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी खुर्ची टाकून बसतात. मेथी निवडत, शेंगा सोलत. गटाची मेंबर म्हणवून घेत नाहीत. त्यांना कविता आवडत नाही, ढसाळांच्या 'गोलपिठा'तली एक वाचली तेव्हा उठून आत गेल्या आणि दोन दिवस माझ्याशी तुटक बोलल्या, मग तिसऱ्या दिवशी विचारलं, तो मुलगा अजून आहे का ज्याने ते लिहिलं? मी म्हटलं नाही, २०१४ ला गेले. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मेथी निवडत राहिल्या.

जोतीरावांना एकदा रानड्यांनी मराठी ग्रंथकारांच्या सभेला बोलावलं होतं, १८८५ मध्ये, आणि त्यांनी न येण्याचं पत्र पाठवलं. आम्ही ते वाचलं. त्यात उंटावरून शेळ्या वळणाऱ्या ग्रंथकारांना आमची दुःखं कुठून कळणार असा सवाल आहे. ही म्हण मी शंभर वेळा वापरलीये, बॉसबद्दल. पत्र वाचून झालं आणि सगळे हसले, त्या काळचे ते मोठमोठे लोक कसे उघडे पडले म्हणून, आणि माझ्या डोळ्यासमोर आले ते दोन शनिवार, मोबाईलवर बोटांनी पीडीएफ मोठी करणारे काका आणि थिअरी जड जाते ना लोकांना म्हणणारी मी. मी ते त्या दिवशी बोलून दाखवलं नाही. काका समोरच बसले होते आणि तेही हसत होते.

मार्च उजाडला. कामाच्या दिवसाचं प्रकरण गेल्या साली अर्धवट सोडलेलं, ते परत काढलं होतं, शेवटची सात-आठ पानं राहिलेली. गुरुवारी दुपारी काकांचा मेसेज, आज येत नाही, ओटी लागलाय, म्हणजे ओव्हरटाइम. पुढच्या गुरुवारी परत ओटी. मार्च एंड, टार्गेट, सुट्टीच्या दिवशी बोलावतायत, डबल मिळतात पैसे, आणि मुलीचं कॉलेज आहे, नाही कशाला म्हणायचं. आपण थांबू या का, असं मी ग्रुपवर टाकलं. त्यांनीच लिहिलं, थांबू नका, वाचा, मी माझं वाचतो.

त्या संध्याकाळी आम्ही पाच जण होतो. नाटकवाल्याने वाचायला घेतलं, तो चांगला वाचतो, आवाज कमावलेला आहे, पण वाक्यानंतर थांबत नाही. अर्ध्या पानावर आम्ही सोडून दिलं आणि उगाच कुठल्या तरी सिनेमावर बोलत बसलो. सासूबाईंनी विचारलं, आज लवकर आटपलं?

नऊ वाजून दहा मिनिटांनी ग्रुपवर व्हॉइस नोट आली. सहा मिनिटं आणि काहीतरी सेकंदांची. फोन मी टेबलावर मधोमध ठेवला. आधी नुसता कॉम्प्रेसरचा आवाज, मग स्टीलचे ग्लास, कुणीतरी लांबून कुणालातरी हाक मारतंय, कॅन्टीन असणार. मग काकांचा आवाज, "हां, तर पान सत्तेचाळीस, वरून तिसरी ओळ," आणि त्याच चालीत वाचायला सुरुवात. वाक्य संपलं की सेकंदभर थांबणं तिथेही तसंच, त्या जागेत कॉम्प्रेसर ऐकू यायचा. मधे एकदा कुणीतरी काय वाचताय विचारलं, ते म्हणाले, "ये बस," आणि पुढे वाचत राहिले. आम्ही सगळे आपापल्या स्पायरलमध्ये बोट ठेवून ओळीमागून ओळ सरकत होतो. सासूबाई खुर्ची घेऊन पुढे आल्या होत्या.

पान संपताना ते थबकले. कागद जवळ नेल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "इथं शेवटचा शब्द कापलाय. तुमच्यात आहे का बघा," आणि नोट संपली.

आम्ही पाचही जणांनी बघितलं. कुणाच्याच कॉपीत नव्हता.